क्योतोतली चेरीची वाट आणि फुलबाग: पाण्याच्या सोबतीने एक दिवस

जपानमध्ये चेरीच्या फुलांना आणि झाडालाही ‘साकुरा’ म्हणतात. साकुरा बघायला पहिल्यांदाच क्योतोला जाणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक तिकीट काढतानाच होते. फोटोत दिसतो तो ऐन बहराचा दिवस नेमका गाठायचा, या हिशेबाने ते मार्चच्या शेवटच्या आठवड्याचं बुकिंग करतात. त्या वर्षी थंडी थोडी रेंगाळली, की पोचल्यावर फांद्यांवर नुसत्या कळ्या दिसतात. म्हणून आमचा पहिला सल्ला: तारखा निवडायची मोकळीक असेल तर थोडं उशिरा जा. ३ ते १० एप्रिल हा आठवडा धरा. या लेखातला रस्ता आणि बाग त्याच हिशेबाने निवडली आहे. बहर लवकर आला काय किंवा उशिरा आला काय, या आठवड्यात त्या दोन्हींपैकी कुठेतरी झाडं फुललेली असतातच.

रस्ता म्हणजे ‘तेत्सुगाकु-नो-मिची’, तत्त्वज्ञाची वाट. क्योतोच्या पूर्वेच्या डोंगरपायथ्याने कालव्याच्या काठाकाठाने ती सुमारे दोन किलोमीटर जाते. क्योतो विद्यापीठात शिकवणारे तत्त्वचिंतक निशिदा कितारो इथे फिरायला येत, त्यावरून हे नाव पडलं. बाग म्हणजे शहराच्या उत्तरेचं क्योतो वनस्पती उद्यान. ते १९२४ साली सुरू झालं, क्षेत्रफळ २४ हेक्टर. त्याच्या पश्चिमेच्या कुंपणाबाहेर कामो नदीच्या बांधावर ‘नाकारागी-नो-मिची’ नावाची आणखी एक चेरीची वाट आहे. बहुतेक पर्यटक पहिली वाट बघून परत फिरतात. दुसरी वाट आणि बाग जोडून घेतली, तर दिवस सार्थकी लागतो.

बहर कसा चालतो

रस्त्यांवर आणि नदीकाठी दिसणारी बहुतेक झाडं ‘सोमेइ योशिनो’ या एकाच प्रकारची असतात. ती बियांपासून वाढवलेली नसतात. सगळी कलमं आहेत, आणि मूळ एकच असल्याने त्यांचा स्वभावही एकच. म्हणून एका भागातली सगळी झाडं एकदम फुलतात आणि एकदमच झडतात. दृश्य भव्य दिसतं त्याचं कारण हेच, आणि हातचं जातं त्याचंही कारण हेच.

जपानी बातम्यांत दोन शब्द सतत ऐकू येतील. ‘काइका’ म्हणजे हवामान खात्याने ठरवलेल्या नमुना झाडावर पाच-सहा फुलं उमलली. ‘मानकाइ’ म्हणजे त्या झाडावरच्या ८० टक्के किंवा त्याहून जास्त कळ्या उमलल्या. क्योतोत १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या सरासरीने काइका २६ मार्चला आणि मानकाइ ४ एप्रिलला येतं. काइकाच्या बातमीने हुरळून जाऊ नका, त्या दिवशी झाडाखाली उभं राहिलं तर वर जवळपास काहीच दिसत नाही. मानकाइनंतर, जोराचा वारा-पाऊस आला नाही तर, साधारण आठवडाभर फुलं टिकतात. मग पाकळ्या झडतात, त्याला ‘हानाफुबुकी’ म्हणजे फुलांचं वादळ म्हणतात. पाण्यावर त्यांचा थर तरंगतो तो ‘हानाइकादा’, फुलांचा तराफा. कालव्याकाठी हा तराफा बघणं ऐन बहराइतकंच सुंदर असतं. थोडं उशिरा जा म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

सरासरीवर फार विसंबू मात्र नका. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली की कळीची झोप मोडते, आणि पुढे ती किती दिवसांत फुगेल हे मार्चच्या उबेवर ठरतं. २०२१ साली क्योतोत मानकाइ २६ मार्चलाच आलं. इथल्या दरबारी रोजनिशा आणि जुन्या नोंदींतून बहराच्या तारखा बाराशे वर्षांहून मागे नेता येतात, आणि त्या सगळ्या नोंदींत ती तारीख तोवरची सर्वांत लवकरची ठरली. अशा वर्षी ५ एप्रिलला पोचलात तर तत्त्वज्ञाच्या वाटेवर पालवी फुटलेली दिसेल. तेव्हा आधी नाकारागी-नो-मिची गाठा. तिथली झाडं ‘बेनिशिदारे’ म्हणजे गडद गुलाबी, लोंबत्या फांद्यांची आहेत. ती सोमेइ योशिनोच्या साधारण आठवडाभर मागून फुलतात. बागेत तर चेरीचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. काही मार्चमध्येच फुलून जातात, काही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकतात.

आपला गुढीपाडवा याच सुमारास येतो, पण त्यावरून अंदाज बांधू नका. पाडवा चांद्र तिथीने मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कुठेही सरकतो. साकुरा फक्त तापमान ओळखते.

निघण्यापूर्वी

व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवा: पर्यटनाचा एकेरी प्रवेशाचा जपानी व्हिसा दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. फार आधी अर्ज केला तर प्रवासाआधीच तो संपेल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायचं असेल तर फेब्रुवारीत अर्ज करणं सोयीचं.

राहण्याची जागा मात्र शक्य तितकी आधी घ्या. या दिवसांत क्योतोतल्या खोल्या सर्वांत लवकर भरतात आणि सर्वांत महाग असतात. शहरात नाही मिळालं तर बहुतेक जण ओसाकाला राहतात. ते ठीक आहे, वेगवान लोकल अर्ध्या तासात क्योतोला आणते. पण या लेखातल्या दिवसासाठी यामाशिना किंवा ओत्सू जास्त चांगलं. यामाशिना क्योतोच्या पूर्वेला, डोंगरापलीकडे आहे. तिथून तोझाइ मेट्रोने दुसरंच स्टेशन केआगे, आणि आपला दिवस तिथेच सुरू होतो. ओत्सूला राहिलात तर जेआरने, म्हणजे जपान रेल्वेने, एक स्टेशन यामाशिना, मग मेट्रो. क्योतो स्टेशनच्या सकाळच्या गर्दीत शिरायची गरजच पडत नाही.

पैशांसाठी ‘इकोका’ हे आधी पैसे भरून वापरायचं कार्ड घ्या. मेट्रो, बस, जेआर, दुकानं, सगळीकडे चालतं. आयफोन असेल तर ते फोनमध्येच घेता येतं. भारतात विकले जाणारे बहुतेक अँड्रॉइड फोन जपानी कार्डयंत्रणेवर चालत नाहीत, त्यामुळे अशा फोनवाल्यांनी स्टेशनवरच्या यंत्रातून प्लास्टिकचं कार्ड घ्यावं. क्योतोच्या मेट्रो आणि शहर बसचा एक दिवसाचा एकत्रित पास १,१०० येनला मिळतो. शहर बसचं सरसकट भाडं २३० येन आणि मेट्रोचं किमान २२० येन आहे. या आराखड्यात तीन-चारच फेऱ्या आहेत, म्हणजे पास वसूल होत नाही. कार्डच बरं. फक्त बससाठीचा जुना दिवसभराचा पास बंद झाला आहे, जुन्या लेखांत त्याचा उल्लेख सापडेल.

कपड्यांचा विचार पुण्याच्या डिसेंबरप्रमाणे करा आणि वर एक थर चढवा. एप्रिलच्या सुरुवातीला क्योतोत सकाळी ६-८ अंश असतात आणि दुपारी १५-१८. बहरात अचानक गारठा परततो, त्याला जपानीत ‘हानाबिए’ असा खास शब्दच आहे. पातळ जाकीट, गळ्याला काहीतरी, घडीची छत्री. पायात बूटच हवेत. सकाळचा पहिला टप्पा रेल्वेच्या रुळांमधल्या खडीवरून आहे, चपला आणि उंच टाचा तिथे पाय मुरगळवतात. आणि मास्क ठेवा. याच महिन्यांत सुगी आणि हिनोकी या सूचिपर्णी झाडांचे परागकण हवेत उडतात आणि लोक शिंकून हैराण होतात. बरेच पाहुणे दोष चेरीला देतात, पण चेरीचे परागकण कीटक वाहून नेतात, ते वाऱ्यावर पसरत नाहीत.

खाण्याचं

शाकाहारी माणसाची अडचण मांसापेक्षा ‘दाशी’मुळे होते. दाशी म्हणजे सुकवलेला बोनिटो मासा आणि समुद्री शेवाळ उकळून काढलेलं पाणी. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, भाज्या, सगळ्यांत ती असते; इतकंच काय, इनारी भात ज्या गोडसर तोफूच्या पिशवीत भरतात, ती पिशवीसुद्धा बहुतेक दाशीत शिजवलेली असते. नानझेनजी मंदिराच्या परिसरात ‘युदोफू’ म्हणजे गरम पाण्यातला तोफू प्रसिद्ध आहे. तोफू शाकाहारी असतो, पण सोबतच्या सॉसमध्ये अनेकदा दाशी असते. दुकानदाराला हे वाक्य सांगा किंवा लिहून दाखवा: ‘निकु मो साकाना मो दाशी मो ताबेमासेन’, म्हणजे मांस, मासे आणि दाशी खात नाही. बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मात्र मुळातच मांस-माशांविना असतं.

आमच्या मते या दिवशी दुपारचं जेवण पाठीवर घेऊन निघणंच उत्तम. खाकरा, चिवडा, भाकरवडी, लाडू विमानातून न्यायला हरकत नाही. ताजी फळं, हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, कच्चे तांदूळ नेऊ नका. त्यांतल्या काहींना बंदीच आहे, बाकीच्यांना वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थ तर नेताच येत नाहीत. सोबत कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भाताचा गोळा घेतला की काम भागतं. रिकामी पिशवी ठेवाच. रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नाहीत, आपला कचरा मुक्कामापर्यंत आपल्यालाच वागवावा लागतो.

सकाळी ७: केआगे

क्योतो स्टेशनवरून येत असाल तर कारासुमा मेट्रोने उत्तरेकडे तिसरं स्टेशन कारासुमा ओइके, तिथे तोझाइ मार्गावर बदलून पूर्वेकडे चौथं स्टेशन केआगे. स्टेशनातच स्वच्छतागृह उरकून घ्या, पुढे ती लांब लांब आहेत.

बाहेर पडल्यावर लगेच ‘केआगे इंक्लाइन’ लागतो. इथली कथा समजली तर पुढचा अख्खा रस्ता समजतो. राजधानी तोक्योला गेल्यावर क्योतोचा उद्योग मंदावला होता. शहर सावरण्यासाठी शेजारच्या बिवा सरोवराचं पाणी डोंगर फोडून कालव्याने आणायचं ठरलं. तानाबे साकुरो या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली मुख्य काम १८९० साली पुरं झालं. कालव्यातून नावा येत, पण इथला उतार इतका की नाव पाण्यातून खाली आणणं शक्य नव्हतं. म्हणून नाव चाकांच्या गाड्यावर ठेवून रुळांवरून खेचत. तो ५८२ मीटरचा रुळांचा उतार म्हणजे इंक्लाइन. आता गाडे चालत नाहीत, रूळ तसेच आहेत आणि दोन्ही बाजूंना चेरी आहे. प्रवेश चोवीस तास खुला आणि मोफत.

वरच्या टोकापासून सुरुवात करा आणि उतरत या. सातला पोचलात तर रूळ मोकळे दिसतील, साडेआठनंतर ते गर्दीत बुडतात. लग्नाचे फोटो काढणारी जोडपी तर उजाडताच हजर असतात. ऐन बहराच्या शनिवार-रविवारी सहालाच या. सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, पण पूर्वेला डोंगर असल्याने इथे ऊन उशिरा पोचतं. तोवरच्या मऊ उजेडात पाकळ्यांचा फिका गुलाबी रंग फोटोत नीट येतो.

फोटोबद्दल इथेच सांगून टाकतो. ढगाळ आभाळाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर सोमेइ योशिनो जवळजवळ नाहीशी होते, कारण तिचा रंग पांढऱ्याच्या फार जवळचा आहे. अशा दिवशी मोबाइल आकाशाकडे धरू नका. मागे डोंगर, विटांची भिंत किंवा गडद पाणी येईल असे उभे राहा. निळं आभाळ असेल तर सूर्य पाठीशी ठेवा.

सकाळी ८: नानझेनजी

उतार संपला की पूर्वेला दहा मिनिटं चालून नानझेनजीचं भव्य लाकडी दार. आवार फिरायला तिकीट नाही. दारापलीकडे उजव्या हाताला विटांच्या कमानींचा पूल दिसतो, तो ‘सुइरोकाकु’, १८८८ सालचा. जपानी मंदिराच्या आवारात रोमन धाटणीचा हा पूल बघून लोक चक्रावतात. बाजूच्या पायऱ्यांनी वर चढून बघा: पुलावरून आजही पाणी वाहतं. तेच पाणी पुढे तत्त्वज्ञाच्या वाटेच्या कालव्यात जातं.

या पाण्याची एक गंमत आहे. क्योतोतल्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, हा कालवा उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. बहुतेक मार्गदर्शिका वाट उत्तरेच्या गिंकाकुजी मंदिरापासून सुरू करायला सांगतात, पण म्हणूनच तसं करू नका. दक्षिणेकडून निघालात तर पाकळ्यांचे तराफे तुमच्या सोबतीने पुढे सरकतात. शिवाय बसने आलेली गर्दी उत्तरेच्या टोकाला उतरते, तुम्ही तोवर शांत अर्धा भाग ओलांडलेला असतो.

सकाळी ९: वाट

नानझेनजीतून उत्तरेकडे एइकान्दो मंदिरावरून पंधरा मिनिटांत न्याकुओजी पूल येतो. इथून वाट सुरू. न थांबता चालली तर अर्ध्या-पाऊण तासात संपते, दीड तास ठेवा.

वाटेच्या मधोमध सपाट दगडांची ओळ आहे. शहरातली ट्राम बंद झाल्यावर तिच्या मार्गावरचे हे दगड इथे आणून बसवले. दगडांच्या बाजूला माती आणि बारीक खडी आहे. लहान मुलांची ढकलगाडी आणि चाकाची खुर्ची इथे अडखळते. सोबत वृद्ध असतील तर कालव्याच्या दुसऱ्या बाजूचा डांबरी रस्ता धरा, दृश्य तेच दिसतं.

इथली चेरी ‘कान्सेत्सु-झाकुरा’ म्हणून ओळखली जाते. चित्रकार हाशिमोतो कान्सेत्सु याच भागात राहत. १९२१ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने चेरीची सुमारे ३०० रोपं शहराला दिली, ती या काठाला लावली गेली. त्या पहिल्या झाडांपैकी फारशी उरलेली नाहीत, जागोजाग पुन्हा लागवड झाली आहे.

झाडांशी कसं वागायचं, हे सर्वांत महत्त्वाचं. फांदी हातात ओढून चेहऱ्याजवळ आणू नका. पाकळ्या उडवण्यासाठी फांदी हलवू नका, अशी माणसं दरवर्षी दिसतात. चेरीची जखम लवकर भरत नाही, मोडलेल्या जागी बुरशी शिरते आणि कूज आत खोडापर्यंत जाते. जपानीत एक म्हण आहे, तिचा अर्थ असा: चेरी छाटणारा मूर्ख आणि जर्दाळूच्या जातीचं ‘उमे’ न छाटणारा मूर्ख. मुळांवरही उभे राहू नका. सोमेइ योशिनोची मुळं वरवर पसरतात. हजारो पायांनी माती दबली की त्यांना हवा आणि पाणी मिळत नाही, आणि झाड वरून, शेंड्याकडून वाळायला लागतं. त्याची लक्षणं या वाटेवरच्या म्हाताऱ्या झाडांवर दिसतील: शेंड्याला काटक्या, खोडावर शेवाळ, बाजूने फुटलेल्या पालवीवर थोडी फुलं.

वाटेला लागून घरं आहेत, माणसं राहतात. दारासमोर, पायरीवर बसून खाऊ नका. पूल अरुंद आहेत, फोटोसाठी अडवू नका. बरोबर मध्याच्या पुढे उजवीकडे वर होनेनइन हे छोटं मंदिर आहे. गवताने शाकारलेलं दार आणि आत वाळूचे दोन पांढरे चौथरे, त्यावर ऋतूप्रमाणे नक्षी काढतात. प्रवेश मोफत आहे. गर्दीतून दहा मिनिटं बाहेर पडायला इथे जरूर जा.

उत्तरेचं टोक गिंकाकुजी पूल. तिथून गिंकाकुजी मंदिर पाच-सात मिनिटं चढावर. तिथे वाळूची रचना आणि शेवाळाची बाग सुरेख आहे, चेरी फारशी नाही. वेळ कमी असेल तर ते दुसऱ्या दिवसावर टाका.

दुपारी १२: २०४ क्रमांकाची बस

गिंकाकुजी-मिची थांब्यावरून ताकानो आणि किताओजीच्या दिशेची २०४ क्रमांकाची बस घ्या. दिशा नीट बघा. हीच बस वर्तुळात दोन्हीकडून धावते आणि उलट दिशेची पकडली तर शहराच्या मध्यातून पश्चिमेला लांब चक्कर मारून याल. उतरायचं ‘शोकुबुत्सुएन-माए’, म्हणजे वनस्पती उद्यानासमोर. क्योतोच्या बसमध्ये सहसा मागच्या दाराने चढतात, पुढच्या दाराने उतरताना कार्ड टेकवतात किंवा नाणी टाकतात. पेटीतून सुटे परत येत नाहीत, बाजूच्या यंत्रात आधी नोट मोडून घ्यावी लागते. मोठी बॅग घेऊन या बसमध्ये शिरूच नका. क्योतो स्टेशनवरचे लॉकर बहरात सकाळीच भरतात, सामान हॉटेलात ठेवून निघा.

बस भरून आली आणि थांबलीच नाही, असंही होतं. अशा वेळी उभं राहून वेळ घालवू नका. इमादेगावा रस्त्याने पश्चिमेला पंचवीस मिनिटं चालत देमाचियानागीला जा आणि तिथून कामो नदीच्या काठाने प्रवाहाविरुद्ध चालत राहा. किताओजी पुलापर्यंत साधारण अडीच किलोमीटर, काठाला चेरी आहेच. हवा चांगली असेल तर आम्ही मुद्दाम हाच मार्ग सुचवू.

दुपारी १: बाग

दक्षिणेच्या मुख्य दाराने आत या. बाग सकाळी ९ ला उघडते, संध्याकाळी बंद होण्याच्या साधारण तासभर आधी प्रवेश थांबतो. तिकीट काहीशे येनांचं, काचघराचं वेगळं. नवे दर आणि वेळा निघण्याच्या आदल्या दिवशी बागेच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने ही जागा ताब्यात घेऊन इथे घरं बांधली होती, त्यात असंख्य झाडं गेली. जागा १९५७ साली परत मिळाली आणि १९६१ साली बाग पुन्हा उघडली.

दाराजवळच्या वाफ्यांत ट्यूलिप असतात. त्यांचा भर एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो, म्हणजे आपल्या तारखांतच. जवळच कापराच्या झाडांची उंच रांग आहे. खाली पडलेलं एखादं पान बोटांत चुरगळून वास घ्या, देवघरातला कापूर लगेच ओळखू येईल. आपल्याकडे वडी माहीत असते, झाड क्वचितच दिसतं.

मग चेरीच्या भागाकडे वळा आणि पाट्या वाचत चाला. एकेका प्रकाराचं एखाद-दुसरंच झाड असतं, त्यामुळे फरक कळतो. सोमेइ योशिनोला पाचच पाकळ्या असतात आणि फुलताना पान नसतं. यामाझाकुराला फुलांबरोबरच तांबूस पालवी येते. कान्झानला गुलाबासारख्या भरगच्च पाकळ्या असतात. उकोनची फुलं पिवळट हिरवी आणि ग्योइकोची हिरवी, मधे गुलाबी रेषा. हे शेवटचे तीन एप्रिलच्या मध्याकडे फुलतात. तेव्हा ‘फुलं संपली’ असं ऐकलं तरी बागेचं तिकीट काढा. खाण्यासाठी हिरवळ आणि बाकं आहेत, शिदोरी इथेच सोडा.

पाऊस लागला तर काचघरात जा. तिथे उष्ण प्रदेशातल्या वनस्पती आहेत. केळ, आंबा आपल्याला नवे नाहीत, पण मुलं तासभर रमतात.

दुपारी साडेतीन: नाकारागी

बागेतून नदीकडे बाहेर पडा. कितायामा पूल आणि किताओजी पूल यांच्यामधल्या पूर्व काठावर सुमारे ८०० मीटर बेनिशिदारेची रांग आहे. फांद्या आधारांच्या मांडवावर चढवून खाली सोडल्या आहेत, त्यामुळे आपण फुलांच्या पडद्याखालून चालतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला. दुपारनंतर नदीपलीकडून येणारं तिरपं ऊन थेट फुलांवर पडतं, म्हणूनच ही वाट शेवटी ठेवली आहे. फुलं डोळ्यांच्या उंचीला येतात, हात लावायचा मोह होतो. मुलांना आधीच सांगून ठेवा.

काठावर गवतात बसता येतं. पण आभाळाकडे लक्ष ठेवा: कामो नदीकाठच्या घारी मागून झडप घालून हातातलं खाणं पळवतात. झाडाखाली, खोडाकडे पाठ करून बसा आणि पदार्थ उघडा हातात धरू नका. किताओजी पुलावरून पश्चिमेला काही मिनिटांवर किताओजी मेट्रो स्टेशन आहे, तिथून कारासुमा मार्ग सरळ क्योतो स्टेशनला नेतो.

मुलांच्या परीक्षा आड आल्या तर

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांची अडचण ही, की शाळा एप्रिलअखेरपर्यंत मोकळं करत नाही. १५ एप्रिलच्या आसपास निघता आलं तर क्योतोतच जा. तत्त्वज्ञाच्या वाटेवर तेव्हा हिरवळ असेल, पण बागेतली उशिराची चेरी आणि निन्नाजी मंदिरातली ‘ओमुरो’ चेरी साधारण याच सुमारास फुललेली असते. ओमुरोची झाडं ठेंगणी, माणसाच्या उंचीची आहेत, लहान मुलांनाही फुलं समोर दिसतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच निघता येणार असेल तर क्योतोचा हट्ट सोडा आणि उत्तरेला जा. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाजवळ हिरोसाकी किल्ल्याच्या खंदकात पाकळ्यांचा तराफा एप्रिलच्या उत्तरार्धात दिसतो. होक्काइदोच्या हाकोदातेत ताऱ्याच्या आकाराचा गोर्‍योकाकु किल्ला एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या दिवसांत फुलतो. मात्र २९ एप्रिल ते ५ मे या काळात जपानमध्ये बऱ्याच सुट्ट्या जवळजवळ येतात. त्या आठवड्याची बुलेट ट्रेनची आरक्षणं प्रवासाच्या एक महिना आधी खुली होतात, त्याच दिवशी काढा.